एआय एजंटची मेमरी: सर्व्हर सांभाळणाऱ्या यंत्राला संदर्भ कुठून मिळतो?

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीचे अभियंते एका डेटाबेसशी झगडत होते. सॉफ्टवेअरचा कोड साठवण्याची सेवा ही कंपनी जगभर पुरवते. तिच्याकडे एक मुख्य डेटाबेस सर्व्हर होता, डीबी१, आणि त्याची हुबेहूब प्रत ठेवणारा दुसरा, डीबी२. अचानक वाढलेल्या भारामुळे डीबी२ मागे पडला आणि प्रत नव्याने तयार करण्याची वेळ आली. त्यासाठीची कमांड दिली, पण स्क्रीनवर काहीच उमटेना. कमांड अडकली आहे असे समजून काही सेटिंग बदलून पाहिली, पुन्हा प्रयत्न झाला, पुन्हा तीच शांतता. आधीच्या प्रयत्नांत डीबी२ वर अर्धवट फायली उरल्या असतील, असे वाटून एका अभियंत्याने डेटाचे फोल्डर पुसायला घेतले. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आले, की कमांड डीबी२ वर नव्हे, डीबी१ वर चालते आहे. तोवर सुमारे ३०० जीबी डेटा पुसला गेला होता.

कंपनीने नंतर या घटनेचा सविस्तर अहवाल खुला केला. त्यात एक बारीक नोंद आहे. ती कमांड मुख्य सर्व्हरकडून डेटा येऊ लागेपर्यंत काहीही न बोलता थांबून राहते. हे तिचे नेहमीचेच वागणे आहे. पण ही गोष्ट कंपनीच्या कार्यपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेली नव्हती आणि डेटाबेसच्या अधिकृत माहितीपत्रकातही नव्हती. म्हणजे त्या क्षणी कमांडमध्ये बिघाड नव्हताच. बिघाड नाही, हे सांगणारी ओळ तेवढी कुठे नव्हती.

आता सर्व्हर, नेटवर्क आणि डेटाबेस सांभाळण्याची अशी कामे एआय एजंटकडे सोपवली जाऊ लागली आहेत. कमांड कशी लिहायची, हे त्यांना बऱ्याच माणसांपेक्षा चांगले येते. अडचण असते ती ‘इथे, आत्ता, या सर्व्हरवर ही कमांड द्यावी का’ हे कळण्याची. त्यासाठी लागणारा संदर्भ पुरवणाऱ्या व्यवस्थेला एजंटची मेमरी म्हणतात.

एजंट मुळात विसराळू का असतो?

एआय एजंट म्हणजे भाषेचे मोठे मॉडेल आणि त्याच्या हाती दिलेली साधने. मॉडेल विचार करते, एखादी कमांड चालवते, तिचे उत्तर वाचते, पुढची कमांड ठरवते. हे चक्र काम संपेपर्यंत चालू राहते.

यातले मॉडेल स्वतः काहीही लक्षात ठेवत नाही. प्रशिक्षण संपले की त्याचे ज्ञान गोठते. त्यानंतर प्रत्येक वेळी त्याच्यासमोर जेवढा मजकूर ठेवला जाईल, तेवढेच त्याचे जग. चॅटबॉट मागचे बोलणे लक्षात ठेवतो असे वाटते, कारण प्रत्येक नव्या प्रश्नासोबत मागचा संवाद त्याला पुन्हा वाचायला दिला जातो. नवा संवाद उघडला की पाटी कोरी. काल रात्री तीन तास खपून ज्या एजंटने बिघाड शोधला, तोच आज सकाळी त्या सर्व्हरचे नाव पहिल्यांदाच ऐकत असतो.

समोर ठेवता येणाऱ्या मजकुरालाही मर्यादा असते. तिला संदर्भखिडकी म्हणता येईल आणि ती टोकनमध्ये मोजतात. टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा. २०२० मधील जीपीटी-३ या मॉडेलची खिडकी २,०४८ टोकनांची होती. २०२४ मध्ये गुगलने जेमिनी १.५ सादर केले तेव्हा ती १० लाखांवर गेली होती. मग प्रश्न सुटला का? नाही. एक तर मध्यम आकाराच्या यंत्रणेचे काही तासांचे लॉग, म्हणजे यंत्राने स्वतः लिहिलेली रोजनिशी, एवढी मोठी खिडकीही सहज भरून टाकतात. दुसरे म्हणजे खिडकीत असलेले सगळे मॉडेल सारख्याच लक्षाने वाचत नाही. लांब मजकुराच्या सुरुवातीचे आणि शेवटचे मॉडेलांना चांगले सापडते, मधले निसटते, असे २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवून दिले होते. नंतरची मॉडेल यात सुधारली आहेत. तरी खोलीभर कागद समोर ओतून ‘यातले कामाचे तूच शोध’ म्हणणे आजही महागात पडते.

सातबारा दिसतो, फेरफार दिसत नाही

जमिनीचे व्यवहार पाहिलेल्यांना हा मुद्दा लवकर कळेल. ७/१२ उतारा आज जमीन कोणाच्या नावावर आहे, हे सांगतो. ती त्या नावावर कशी आली, वारसाने की खरेदीने, मध्ये कोणाचा हक्क कमी झाला, हे समजायला गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही काढावी लागते. नुसता सातबारा पाहून जमीन घेणारा कधीतरी पस्तावतो.

सर्व्हरवर लॉग-इन केलेल्या एजंटला फक्त सातबारा दिसतो. कोणत्या सेवा चालू आहेत, डिस्क किती भरली आहे, कोणते सेटिंग काय आहे, हे तो काही क्षणांत वाचतो. पण एखादे सेटिंग विचित्र का आहे, हे सर्व्हर सांगत नाही. ती कोणाची चूक असेल किंवा दोन वर्षांपूर्वीच्या एखाद्या बिघाडावर जाणीवपूर्वक केलेला उपायही असेल. दिसायला दोन्ही सारखेच.

हा फरक न कळल्याची किंमत अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने मोजली आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी तिने नवा कोड आणला आणि तो चालू करण्यासाठी जुना, वापरात नसलेला एक फ्लॅग, म्हणजे चालू-बंद करण्याचा संकेत, पुन्हा वापरला. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहून गेला. त्या सर्व्हरवर या संकेताचा अर्थ वेगळा होता: २००३ मध्येच वापर थांबलेला ‘पॉवर पेग’ नावाचा कार्यक्रम चालू करणे. बाजार उघडताच तो सुटला. पुढच्या ४५ मिनिटांत कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. त्यातही वाईट भाग असा, की गोंधळ थांबवण्यासाठी उरलेल्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढला गेला, तेव्हा जुना कार्यक्रम तिथेही जागा झाला. अमेरिकेच्या रोखे आयोगाच्या आदेशात आणखी एक तपशील आहे. बाजार उघडण्याआधी कंपनीच्याच यंत्रणेने ‘पॉवर पेग’चा उल्लेख असलेले ९७ ई-मेल आपोआप पाठवले होते. ते इशारे म्हणून पाठवण्याची रचना नव्हती, त्यामुळे त्यावर कोणी हालचाल केली नाही. तो शब्द आणि त्याचा इतिहास जोडून पाहणारी आठवण तेवढी कामी आली असती.

मेमरीत काय काय असते?

मानसशास्त्रज्ञ एंडेल टुल्विंग यांनी १९७२ मध्ये माणसाच्या स्मृतीत दोन प्रकार वेगळे काढले: घडलेल्या प्रसंगांची आठवण आणि जगाविषयीची माहिती. एजंट बनवणाऱ्यांनी ही विभागणी जवळजवळ तशीच उचलली आणि तिला कौशल्याच्या स्मृतीची जोड दिली. सर्व्हरच्या जगात प्रसंग म्हणजे मागचे बिघाड, त्यांची कारणे, कोणता उपाय चालला आणि कोणता फसला. माहिती म्हणजे कोणती सेवा कशावर अवलंबून आहे, कोणता सर्व्हर कोणत्या टीमचा, देखभाल कोणत्या दिवशी करायची. कौशल्य म्हणजे कार्यपुस्तिका: हे काम या क्रमाने करायचे. याखेरीज चालू कामापुरती तात्पुरती टिपणे असतात, ती संदर्भखिडकीतच राहतात.

यातले काहीच नवे नाही, हे लक्षात घ्यायला हवे. हिंजवडीत रात्रपाळीला बसून परदेशी ग्राहकांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या टीमला पाळी बदलतानाचा ‘हँडओव्हर’ चांगलाच ठाऊक असतो. काय बिघडले, काय करून पाहिले, कशाला हात लावू नये, एवढे पुढच्या माणसाला सांगितल्याशिवाय घरी जायचे नाही. एजंटच्या बाबतीत पाळी दर संवादाला बदलते. आणि चहाच्या टपरीवर जाता जाता सांगितलेले त्याच्यापर्यंत कधीच पोहोचत नाही; जे लिहिले गेले, तेवढेच त्याला मिळते.

साठवणे सोपे, शोधणे अवघड

सर्वांत साधी मेमरी म्हणजे मजकुराची एक फाइल. एजंट काम सुरू करताना ती वाचतो, संपवताना तिच्यात भर घालतो. अनेक एजंट आजही असेच चालतात आणि छोट्या यंत्रणेला ते पुरतेही. फाइल फुगली की निवड करावी लागते.

त्यासाठी सर्रास वापरली जाणारी पद्धत अशी: प्रत्येक नोंदीचे आकड्यांच्या लांबलचक यादीत रूपांतर करायचे, ज्याला व्हेक्टर म्हणतात. अर्थाने जवळच्या नोंदींचे व्हेक्टरही जवळ येतात. नवा प्रश्न आला की त्याचा व्हेक्टर काढून सर्वांत जवळच्या नोंदी एजंटसमोर ठेवायच्या. ‘साइट उघडायला वेळ लागतोय’ असे विचारले, तर ‘पानाचा प्रतिसाद मंदावला’ ही जुनी नोंद सापडते, जरी दोन्हींत एकही शब्द सारखा नसला तरी.

ही पद्धत जिथे उजवी, तिथेच लंगडीही आहे. अर्थ जवळचा असला की तिला पुरते, आणि ‘डीबी१’ व ‘डीबी२’ यांचा अर्थ तिच्या लेखी जवळपास एकच. गिटलॅबच्या त्या रात्री ज्या एका आकड्याने घात केला, नेमका तोच आकडा व्हेक्टरच्या शोधात पुसट होतो. म्हणून सर्व्हरची नावे, आयपी पत्ते, त्रुटींचे क्रमांक यांसाठी अक्षरशः जुळणारा शब्दशोध सोबत ठेवतात. कोण कोणावर अवलंबून आहे, यासारख्या प्रश्नांना तर दोन्ही अपुरे पडतात. तिथे नात्यांचा आलेख लागतो. हा डेटाबेस बंद केला तर बिलिंग थांबेल का, हे विचारायला आधी डेटाबेस ते बिलिंग हा धागा कुठेतरी जोडलेला हवा.

कोणती आठवण आधी पुढे करायची, यावरही काम झाले आहे. स्टॅनफर्ड आणि गुगलच्या संशोधकांनी एप्रिल २०२३ मध्ये २५ एआय पात्रांचे एक काल्पनिक गाव वसवले होते. त्यातील पात्रे प्रत्येक आठवणीला तीन कसोट्यांवर गुण देत: किती ताजी, किती महत्त्वाची, समोरच्या प्रसंगाशी किती संबंधित. त्याच वर्षी बर्कलीच्या संशोधकांनी मेमजीपीटी मांडले. संगणक अपुऱ्या रॅमची भर डिस्कवरून काढतो, तसे मॉडेलनेच आपल्या खिडकीतली माहिती बाहेर ठेवावी आणि लागेल तेव्हा आत आणावी, ही त्यातील कल्पना.

काल्पनिक गावातला ताजेपणाचा निकष सर्व्हरच्या खोलीत मात्र जपून वापरावा लागतो. वर्षातून एकदाच, आर्थिक वर्ष संपताना घडणारा बिघाड अकरा महिने शिळा होत जातो आणि जेव्हा हवा असतो, तेव्हा यादीत तळाशी गेलेला असतो.

जुनी आठवण खरी असेलच असे नाही

मेमरीविषयी बोलताना सगळा भर ती वाढवण्यावर असतो. प्रत्यक्ष कामात जास्त त्रास चुकीच्या आठवणीचा होतो. काही माहीत नसलेला एजंट निदान तपासून पाहतो; खात्रीने चुकीचे माहीत असलेला तपासायची तसदी घेत नाही.

वेबसाइटची ओळख पटवणाऱ्या सुरक्षा प्रमाणपत्रांचे उदाहरण ताजे आहे. गेली काही वर्षे सार्वजनिक प्रमाणपत्राची कमाल मुदत ३९८ दिवस होती, त्यामुळे ‘वर्षातून एकदा बदला’ ही नोंद अनेक कार्यपुस्तिकांत बसली. एप्रिल २०२५ मध्ये मंजूर झालेल्या नियमानुसार १५ मार्च २०२६ पासूनच्या नव्या प्रमाणपत्रांना २०० दिवसांची मर्यादा आहे. २०२७ मध्ये ती १०० आणि २०२९ मध्ये ४७ दिवसांवर येणार आहे. जुनी नोंद कोणी खोडली नाही, तर तिच्यावर विसंबलेला एजंट निश्चिंत राहील आणि साइट बंद पडेल.

गिटलॅबकडे पुन्हा वळायला हवे. डेटा पुसला गेल्यावर टीम बॅकअपकडे धावली. डेटाबेसचा बॅकअप नियमित घेतला जातो आणि ॲमेझॉनच्या क्लाउडवर ठेवला जातो, अशी सर्वांची समजूत होती. तिथली जागा रिकामी निघाली. बॅकअप घेणारा कार्यक्रम डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचा होता, त्यामुळे तो प्रत्येक वेळी अपयशी ठरत होता. अपयशाची सूचना देणारे ई-मेल निघत होते, पण त्यांवर आवश्यक ती सही नसल्याने ते स्वीकारलेच जात नव्हते. शेवटी एका अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत मदतीला आली. मधल्या तासांतला डेटा कायमचा गेला. सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती यांना त्याचा फटका बसला.

त्या रात्री एखाद्या एजंटला विचारले असते, तर त्याने आपल्या मेमरीतून ‘बॅकअप रोज होतो’ असेच सांगितले असते. नोंद जशी होती तशीच त्याने वाचली असती.

यावरचा उपाय एआयच्या आधीपासून या व्यवसायात आहे. टेराफॉर्म हे २०१४ मध्ये आलेले साधन लिखित आराखड्यावरून सर्व्हर उभे करते आणि काय काय उभे केले, याची स्वतःची नोंद ठेवते. पण कोणी मध्येच हाताने काही बदलले असेल, हे ते गृहीत धरते. म्हणून बदल करण्याआधी ते आपली नोंद प्रत्यक्ष स्थितीशी ताडून पाहते, तफावत दाखवते आणि मगच परवानगी मागते. एजंटची मेमरीही अशीच वापरावी लागते. प्रत्येक नोंदीसोबत ती कधीची, कुठून आली, शेवटची कधी तपासली, हे असावे. आणि जे दोन सेकंदांत सर्व्हरला विचारून कळते, ते मेमरीतून सांगायचेच नाही. बॅकअप रोज होतो असे लिहिले असेल, तर ती नोंद म्हणजे शेवटचा बॅकअप उघडून पाहण्याची सूचना समजायची. ‘का’ची उत्तरे मेमरीत ठेवावीत, ‘आत्ता काय’ची उत्तरे सर्व्हरकडून घ्यावीत.

मेमरीत विष आणि गुपिते

लॉगमध्ये बाहेरच्या माणसांनी लिहिलेला मजकूरही येतो. वेबसाइटच्या शोधपेटीत कोणी ‘आधीच्या सर्व सूचना विसर’ असे टाइप केले, तर तेही लॉगमध्ये उतरते आणि एजंट ते वाचतो. एकदा फसला तर नुकसान त्या संवादापुरते राहते. तीच ओळ मेमरीत साठली, तर पुढचा प्रत्येक संवाद दूषित होतो. २०२४ मध्ये सुरक्षा संशोधक योहान रेहबर्गर यांनी चॅटजीपीटीच्या मेमरीत अशी छुपी सूचना पेरून दाखवली होती. ती नव्या संवादांतही टिकून राही आणि वापरकर्त्याचे बोलणे बाहेर पाठवी.

उलट बाजूने, लॉगमध्ये चुकून उतरलेले पासवर्ड एजंटने टिपून ठेवणे हाही धोका आहे. अनेक ग्राहकांची यंत्रणा सांभाळणाऱ्या कंपन्यांना एका ग्राहकाच्या आठवणी दुसऱ्याच्या कामात येणार नाहीत, याची भिंत घालावी लागते.

आठवण म्हणजे कुलूप नव्हे

जुलै २०२५ मध्ये अमेरिकी उद्योजक जेसन लेमकिन रेप्लिट या सेवेच्या एआय एजंटकडून एक ॲप बनवून घेत होते. बदल करू नकोस, अशी स्पष्ट सूचना दिलेली असताना एजंटने चालू डेटाबेस पुसला. डेटा परत आणता येणार नाही, असेही त्याने सांगितले. प्रत्यक्षात तो परत आणता आला. कंपनीचे प्रमुख अमजद मसाद यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि प्रयोगाचा व प्रत्यक्ष वापराचा डेटाबेस आपोआप वेगळे ठेवण्याची व्यवस्था जाहीर केली.

सूचना एजंटसमोर होती. पण संदर्भातली सूचना मॉडेलचा कल बदलते, त्याचे हात बांधत नाही. जे कधीच होऊ नये, ते मेमरीत लिहून भागत नाही. त्याची परवानगीच एजंटच्या खात्याला नसावी लागते.

गिटलॅबच्या अहवालानंतर ठरवलेल्या कामांच्या यादीत एक अगदी लहान काम होते: प्रत्येक सर्व्हरवर कमांडच्या आधी दिसणारी ओळ अशी बदलायची, की कोणत्या सर्व्हरवर आहोत, हे नजरेत भरावे. माणसासाठी ते रंगानेही साधते. एजंटला रंग दिसत नाही, तो फक्त मजकूर वाचतो. म्हणून त्याच्या साधनांची रचना करताना प्रत्येक कमांडच्या उत्तरासोबत सर्व्हरचे पूर्ण नाव आणि तो मुख्य आहे की प्रत, हे सर्व्हरलाच त्या क्षणी विचारून परत पाठवले जाते.